कमरेचा आधार-सांगाडा : पारखूनच स्वीकारावा

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली म्हणजे मजुराची कंबर दिवसभर वाकलेली राहते. मळणीनंतर तीच कंबर पोती उचलते. हे श्रम हलके करण्यासाठी अंगावर बांधावयाचे आधार-सांगाडे निघाले आहेत. त्यांना इंग्रजीत एक्सोस्केलेटन म्हणतात.

सांगाड्याचे दोन प्रकार आहेत. एक मोटारीवर चालतो; दुसऱ्यात केवळ स्प्रिंगा किंवा लवचीक पट्टे असतात. मनुष्य वाकला की पट्टे ताणतात, आणि उठताना तोच ताण पाठीस हात देतो. २०१६ सालच्या एका शास्त्रीय आढाव्यात दुसऱ्या प्रकारामुळे पाठीच्या स्नायूंचे श्रम १० ते ४० टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. परंतु त्यामुळे कायमची कंबरदुखी टळते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

ओझे नाहीसे होत नाही, हे ध्यानात ठेवावे. पाठीवरील ताणाचा काही भाग छातीवर व मांड्यांवर जातो. पोत्याचे वजन गुडघ्यांना पेलावेच लागते. म्हणून एकदा पोते उचलून पाहिल्याने पारख होत नाही.

चाचणी शेतातच घ्यावी. त्याच माणसाने, तेच काम, एक दिवस सांगाडा बांधून व एक दिवस न बांधता करावे. किती ओळी सोंगल्या, किती वेळा विसावा घेतला, संध्याकाळी कोठे दुखले, याची नोंद ठेवावी. पट्टे काचतात काय, उन्हात अंग उकडते काय, ढेकळांतून चालताना तोल जातो काय, हेही पाहावे. स्त्रियांच्या अंगास माप बसते की नाही, हे स्त्रियांनीच ठरवावे. खाली बसून करावयाच्या निंदणीस वाकण्यासाठी केलेला सांगाडा उपयोगी पडेलच असे नाही.

मळणीयंत्राजवळ सांगाडा बांधू नये; लोंबता पट्टा फिरत्या पट्ट्यात अडकल्यास जिवावर बेतेल. अडचणीच्या वेळी तो एका झटक्यात सुटला पाहिजे.

खर्च करण्यापूर्वी साधे उपायही ताडून पाहावेत. उभ्याने चालणाऱ्या सायकल कोळप्याने वाकणे कमी होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली आहे. पोते त्याहून हलके भरावे, किंवा दोघांनी मिळून उचलावे. एवढे करूनही कंबरेवरील ताण उरला, तरच सांगाड्याचा विचार करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्याची शिफारस करण्यापूर्वी, तो दिवसभर अंगावर वागविणाऱ्या मजुराचे मत अवश्य विचारावे.