मोलीला आपलं जड पाणीच आवडतं!

दोस्तांनो, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कधी आजोबांबरोबर गेला आहात? म्हैस घेणारा माणूस आल्या आल्या किंमत विचारत नाही. आधी नुसता बघत उभा राहतो. ती चालते कशी, डोळे कसे आहेत, कातडी तकतकीत आहे का, वैरणीला तोंड लावते का, हे सगळं बघून मग तो बोलायला लागतो. आणि आपण मासे घेताना काय करतो? "तो काळा द्या, तो केशरी द्या," की पिशवी घेऊन घरी पळालो! चौथ्या दिवशी मासा पाण्यावर उलटा.

माझ्या पहिल्या दोन काळ्या मोली तर मीच मारल्या. हयगय करून नव्हे बरं का, जास्त काळजी घेऊन. दर रविवारी टाकी रिकामी करायची, खडी घासून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळायचा. टाकी आरशासारखी लख्ख, आणि मासे मात्र मलूल. असं का झालं, ते मला फार उशिरा कळलं.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विषासारखा असतो. पण खडीवर आणि स्पंजवर हळूहळू काही जिवाणू वस्तीला येतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मात्र बरंच निरुपद्रवी असतं. ही वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर रविवारी ती धुऊन टाकत होतो!

म्हणून टाकी पूर्ण कधीच रिकामी करू नका. आठवड्याला फक्त एक चतुर्थांश पाणी बदला. स्पंज मळला तर काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळा, साबण अजिबात नको. काढलेलं पाणी कुंडीत ओता, झाडांना ते खतच आहे. आणि टाकीत हात घालण्याआधी पंप-हीटरचा प्लग काढायचा. हे विसरायचं नाही.

आता पाण्याचं बघू. आपल्याकडे बहुतेक बोअरचं पाणी जड. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो. आई वैतागते. पाणी काळ्या कातळातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येतं, म्हणून हे असं. गंमत म्हणजे मोलीला हेच पाणी हवं असतं! मोली मूळची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. तिथल्या ओढ्यांत क्षार भरपूर असतात, आणि काही जाती तर खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतात.

पण आपण लाड करतो. माशांना शुद्ध पाणी हवं म्हणून फिल्टरच्या जारचं पाणी विकत आणून ओततो. त्या पाण्यातले क्षार मशीनने काढून टाकलेले असतात. मग मोली पर मिटून जागच्या जागी थरथर डुलायला लागते. ती नाचत नसते हं, आजारी असते. तेव्हा जार घरच्यांसाठी ठेवा आणि मोलीला बोअरचं पाणी द्या. फक्त ते बादलीत रात्रभर उघडं ठेवा. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असेल तर पुरे चोवीस तास ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पाणी जड असेल तर मीठ टाकायची गरज नाही.

गोल काचेचं भांडं दिसायला छान, पण मोलीला ते कोंडवाड्यासारखं. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच अशी टाकी घ्या. गुणाकार करा बघू! ५४ लिटर. त्यात चार-पाच मोली सुखाने राहतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतो. नर ओळखायचा पोटाखालच्या पराकडे बघून. त्याचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट.

नावावरून मोली कुणा मुलीचं नाव वाटतं ना? पण १८२१ साली लेस्युअर या निसर्गशास्त्रज्ञाने या माशाला नाव दिलं ते मोलियाँ या फ्रेंच मंत्र्यावरून. नेपोलियनचा खजिना सांभाळणारे गृहस्थ!

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. मोलीला हिरवं फार आवडतं. पालकाचं पान उकळत्या पाण्यात बुडवून, गार करून द्या. काचेवरचं शेवाळही ती चरते, ते सगळं खरवडू नका.

पाणी २४ ते २८ अंश असावं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या रात्री किती गारठतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा पन्नास वॉटचा आपोआप बंद होणारा हीटर लावा. उन्हाळ्यात टाकी खिडकीच्या उन्हात नको. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात लाइट गेली की पंप बंद. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर मगाने टाकीतलंच पाणी काढा आणि वीतभर उंचीवरून पुन्हा हळूहळू सोडा. लाइट येईपर्यंत अधूनमधून हे करत राहा.

आणि एक दिवस टाकीत काळे ठिपके पळताना दिसतील. ती पिल्लं! मोली अंडी घालत नाही, साधारण महिन्याने जिवंत पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस, चाळीस, कधी त्याहूनही जास्त. एकटी मादी आणली तरी पिल्लं होऊ शकतात, कारण नराचं बीज ती काही महिने पोटात साठवून ठेवते. पण आईच पिल्लं खाते! म्हणून लपायला दाट पाणवनस्पती हवी.

पिल्लं फार झाली म्हणून विहिरीत किंवा मुळेच्या कालव्यात सोडू नका. आरोग्य खातं डासांसाठी गप्पी मासे सोडतं, ते मोलीचेच भाऊबंद हे खरं. पण परक्या माशांची वस्ती वाढली की आपल्या ओढ्यातल्या माशांचं खाणं आणि जागा जाते. त्यापेक्षा पलीकडच्या गल्लीतल्या मित्राला पिल्लं द्या. त्याच्याकडेही हेच जड पाणी असेल, आणि ती पिल्लं तर जन्मापासून याच पाण्यातली. फक्त पिशवी त्याच्या टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवायला सांगा, मग थोडं थोडं पाणी मिसळून पिल्लं सोडायला.