लाँग विकेंडला घाटात अडकण्यापेक्षा पुण्यातच ३ दिवस असे फिरता येतात

कॅलेंडरमध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी नाहीतर २६ जानेवारी सोमवारी आलेला दिसला की ऑफिसच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर एकच मेसेज पडतो, "कुठं जायचं?" उत्तरं पण ठरलेली. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग. एखादा कार्यकर्ता गोव्याचं नाव काढतो, आणि ते प्रकरण नेहमीप्रमाणे ग्रुपवरच संपतं.

मग सुट्टीचा दिवस उजाडतो. स्टोरीला धबधबा पडायच्या ऐवजी समोरच्या गाडीची नंबर प्लेट पडते. खाली कॅप्शन, "तीन तास झाले, इथंच आहे."

पण घाटातच एवढं का तुंबतं?

कारण साधं आहे. एक्सप्रेस वे वेगळा आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग वेगळा, असं आपण धरून चालतो. पण खंडाळ्याच्या घाटात हे दोन्ही रस्ते काही अंतर एकत्र येतात. म्हणजे दोन रस्त्यांच्या गाड्या, त्यात चढण आणि त्या चढणीवर कासवाच्या गतीनं निघालेले ट्रक. सुट्टीच्या दिवशी सगळे एकाच वेळी निघतात. मध्येच एखादी गाडी गरम होऊन बंद पडली की मागं रांग लागलीच.

ट्रॅफिकनं फार तर दिवस वाया जातो. गर्दीनं जीव पण गेलेत. ३० जून २०२४ ला, रविवारीच, भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. पुढच्या वर्षी १५ जूनला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि ४ जण गेले.

मग सुट्टीत घरात बसून रील बघायचे का? तर नाही. ज्या शहरात आपण राहतो, ते किती जणांनी नीट बघितलंय? पाहुणे आल्यावर त्यांना शनिवारवाड्याच्या दारापर्यंत सोडणारे आणि स्वतः बाहेर भेळ खात थांबणारे पुणेकर कमी नाहीत. तर ३ दिवसांचा हा प्लॅन घ्या. याला ना हॉटेलचं बुकिंग लागतं, ना गाडी.

दिवस पहिला : पेशव्यांचं पुणे

सकाळी लवकर मेट्रोनं कसबा पेठ स्टेशनला उतरा. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि पेठांमध्ये गाडी लावायला जागा शोधायचं दुखणं बऱ्यापैकी संपलं. आधी ग्रामदैवत कसबा गणपती, मग लाल महाल, मग शनिवारवाडा. सगळं चालत होतं.

लाल महालाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानाची बोटं छाटली ती याच लाल महालात. पण आज दिसते ती मूळ वास्तू नाही, ती महापालिकेनं विसाव्या शतकात उभारलेली आहे.

शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये केली आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. सोशल मीडियावर मात्र हा वाडा एकाच गोष्टीसाठी फेमस आहे, ती म्हणजे अमावस्येच्या रात्री ऐकू येणारी "काका, मला वाचवा" ही हाक. भुताची गोष्ट सोडा. खरी गोष्ट जास्त हादरवणारी आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं १८. आज कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतो, तेवढा पोरगा.

आत गेल्यावर "इथं तर काहीच नाही" असं बरेच जण म्हणतात. त्याचं कारण म्हणजे १८२८ ची आग. वरचे मजले जळून गेले, राहिली ती तटबंदी, ५ दरवाजे आणि जोती. दिल्ली दरवाज्यावरचे टोकदार खिळे मात्र नीट बघा. हत्तीनं धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते बसवलेत.

तिथून बाजीराव रोडनं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. चष्म्याचा व्यवसाय असलेल्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा या आपल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं. इथं बऱ्याचशा वस्तू माणसांच्या रोजच्या वापरातल्या आहेत. अडकित्ते, दिवे, भांडी, वाद्यं. सोबत आजी असेल तर गाईड घ्यायची गरज नाही. "हे आमच्या माहेरी होतं" इथून जी सुरुवात होईल, ती घरी येईपर्यंत चालेल.

संध्याकाळी पर्वती. १०३ पायऱ्या चढल्या की अख्खं शहर खाली दिसतं. पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, नानासाहेब पेशव्यांचा मृत्यू याच टेकडीवर झाला.

दिवस दुसरा : फुल्यांचं पुणे

पहिल्या दिवशी बघितलेल्या भागातच दुसरं पुणे आहे, फक्त तिथं सेल्फी काढायला कुणी थांबत नाही.

दगडूशेठ गणपतीचं दर्शन घेऊन मागं वळलात की समोर भिडे वाड्याची जागा. १ जानेवारी १८४८ ला सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथं. वर्षानुवर्षं वाडा मोडकळीला आलेला होता, प्रकरण कोर्टात होतं. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडण्यात आला. दर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्या हजारो लोकांसमोर तो वाडा होता. आता तो फोटोतच बघायचा.

जवळच फडके हौदाच्या परिसरात बाहुलीचा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या काशी या मुलीच्या आठवणीत तो लोकांसाठी बांधला. घोले मुलीला शिकवत होते, ते न बघवल्यामुळं कुणीतरी तिला काचा घातलेला लाडू खायला दिला, असं सांगितलं जातं. पुण्यात मुलींच्या शिक्षणाची लढाई कुठल्या थराला गेली होती, हे कळायला ही एक जागा पुरे आहे.

पुढं मंडई. आठ कोनांची ही इमारत १८८६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. गंमत म्हणजे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी मंडईवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता, त्यांचं म्हणणं होतं तो शिक्षणावर खर्च करा. आज त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात. सकाळी गेलात तर भाजीवाल्या मावशींशी दोन शब्द बोला, आणि हो, सुट्टे पैसे ठेवा.

मंडईतून चालत किंवा रिक्षानं फुले वाडा, म्हणजेच समता भूमी. इथं एक विहीर आहे. ज्या काळात अस्पृश्य म्हणून माणसांना पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, त्या काळात, १८६८ मध्ये, फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा साठा सगळ्यांसाठी खुला केला. पोरांना घेऊन गेला असाल तर ही विहीर दाखवा. पुस्तकातला धडा वाचून जे कळत नाही, ते इथं पाच मिनिटांत कळतं.

दिवस तिसरा : आगाखान पॅलेस

१५ ऑगस्टचा लाँग विकेंड असेल तर हा दिवस पहिला घ्या. कारण पुढं येतंय.

मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलून कल्याणीनगरला उतरा, तिथून रिक्षा. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी हा महाल बांधला. आजूबाजूच्या दुष्काळी भागातल्या लोकांना काम मिळावं, हा त्यामागचा हेतू होता असं सांगतात.

पण इतिहासात नाव झालं ते तुरुंग म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक दिल्यावर महात्मा गांधींना अटक करून इथं ठेवलं. सोबत कस्तुरबा, सरोजिनी नायडू आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई होते. अटकेला आठवडाही झाला नव्हता, तोच महादेवभाईंचा हृदयविकाराच्या झटक्यानं मृत्यू झाला. तारीख होती १५ ऑगस्ट १९४२. बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही इथंच गेल्या, कैदेतच.

दोघांच्या समाध्या याच आवारात आहेत. झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन झाल्यावर अर्धा तास इथं जाऊन बसायला हरकत नाही.

परतताना ताकद उरली असेल तर सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान बघा. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते केलंय. नाहीतर सरळ डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा. १९३५ पासूनचं इराणी हॉटेल आहे, तिथं रांगेत थांबणं हा पण इतिहासाचाच भाग समजा.

निघण्याआधी एवढं करा

सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संग्रहालयं आणि बागांच्या वेळा बदलतात, काही ठिकाणं बंदही असतात. त्यामुळं आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. पेठांमध्ये दुपारच्या आत फिरून घ्या, संध्याकाळी तुळशीबागेची गर्दी सुरू होते. पावसाळा असेल तर पर्वतीच्या पायऱ्या जपून. आणि तिन्ही दिवस करायलाच पाहिजेत असं काही नाही, एक जरी केला तरी चालतंय.

लोणावळ्याला पुढच्या आठवड्यात, मधल्या वारी रजा टाकून जा, रस्ता मोकळा मिळेल. भिडे वाड्याला मात्र तशी पुढची तारीख मिळाली नाही. त्यामुळं शहरात जे उरलंय, ते या सुट्टीत बघून घ्या, आणि ग्रुपवर "कुठं जायचं?" असा मेसेज आलाच, तर कसबा पेठ मेट्रो स्टेशनचं लोकेशन टाका.