एका कार्बनची करामत

पाळी गेली की बीजकोश इस्ट्रोजेन बनवणं जवळपास थांबवतात. मग साठीतल्या बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते ती कशी? ते येतं कुठून?

चरबीतून! स्नायूंतून, त्वचेतून आणि खुद्द स्तनातूनही. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी बायकांच्या शरीरातही थोडी पुरुषी संप्रेरकं बनवत असतात. चरबी-स्नायूंतलं ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम ती धरतं आणि त्यांचं इस्ट्रोजेन करून टाकतं. हा बदल केवढा मोठा असेल? टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत 19 कार्बन, एस्ट्राडायोलच्या रेणूत 18. एक कार्बन आणि चार हायड्रोजन उडवले, एका कड्यातले बंध जुळवले, की झालं. दाढीमिशा फुटवणाऱ्या आणि गर्भाशयाचं अस्तर वाढवणाऱ्या रसायनांत अंतर ते एवढंच!

ही कलाकुसर चालते एन्झाइमच्या पोटातल्या एका लोहाच्या अणूपाशी. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल ही स्तनाच्या कर्करोगावरची औषधं नेमका तोच अणू गाठतात आणि आपल्या नायट्रोजनने त्याला धरून बसतात. एक्सेमेस्टेन जास्त बेरकी. दिसायला ते कच्च्या मालासारखंच. एन्झाइम फसून त्यावर काम सुरू करतं आणि कायमचं निकामी होतं. कुलपात किल्ली मोडावी तसं. ॲनास्ट्रोझोलची रोजची मात्रा किती? 1 मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग!

इथवर यायला मात्र फार रक्त सांडलं. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये जाहीर केलं की बीजकोश काढल्यावर स्तनाच्या गाठी आक्रसल्या. इस्ट्रोजेन तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तर ॲड्रिनल ग्रंथीही कापून काढल्या जात. ग्रंथी कशाला कापता, एन्झाइमच अडवा, हा विचार 1970 च्या दशकात अँजेला ब्रॉडी यांनी रसायनज्ञ पती हॅरी यांच्यासोबत अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तडीस नेला.

एन्झाइम अडवणारी ही गोळी प्रत्येकीला चालत नाही. गाठीच्या पेशींवर संप्रेरकाचे ग्राही असतील तरच तिचा उपयोग. ते बायोप्सीच्या तपासणीत कळतं. मग साधारण पाच वर्षं रोज एक गोळी. तिची किंमतही मोजावी लागते: इस्ट्रोजेन हाडांचंही राखणदार, ते घटलं की हाडं ठिसूळ होतात, सांधे आखडतात. म्हणून डॉक्टर हाडांची घनता तपासत राहतात.

आणि पाळी चालू असताना एकटी ही गोळी घेतली तर? इस्ट्रोजेन घटल्याचं मेंदूला लगेच कळतं. तो बीजकोशांना आणखी जोराने कामाला लावतो आणि डाव उलटतो. हाच उलटा डाव स्त्रीरोगतज्ज्ञांनी हेरला: पीसीओएस या बीजकोशांच्या विकारामुळे दिवस राहत नसलेल्या तरुणींना ते पाळीच्या सुरुवातीचे मोजके दिवस लेट्रोझोलच देतात, बीज तयार व्हावं म्हणून!