सातबाऱ्याचा 'सातबार्या' झाला, पुढे?

समजा, डोंगरकड्यासारख्या एखाद्या गावात बसून आपण पीकविम्याचा अर्ज टाइप केला. पडद्यावर 'सातबाऱ्यावर' बरोबर दिसतं, प्रिंटमध्ये मात्र 'सातबार्यावर' येतं. आडवा अर्धा र गायब, डोक्यावर रफार. सॉफ्टवेअरमधल्या अशा दोषाला बग म्हणतात.

लिब्रेऑफिस, फायरफॉक्स अशी मोफत सॉफ्टवेअरं आपल्या बगांची नोंदवही सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. त्यासाठी ती बगझिला नावाची प्रणाली वापरतात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ही प्रणाली १९९८ मध्ये खुली केली.

आधी शोधा. हाच बग कुणीतरी नोंदवलेला असू शकतो. शेताला गट नंबर तसा प्रत्येक बगला नंबर असतो. तो लिहून ठेवा.

मग खातं काढा. ई-मेल पत्ता लागतो आणि अनेक ठिकाणी तो इतर खातेदारांना दिसतो. त्यामुळे रोजच्या व्यवहाराचा पत्ता न दिलेला बरा.

आता त्या बगच्या पानावर सीसी यादीत स्वतःला घाला. सीसी म्हणजे सरकारी पत्राखालचं 'प्रत माहितीस्तव': नोंदीत काही बदललं की आपल्यालाही मेल येते. बरेच जण त्यासाठीच्या चौकटीत खूण करतात आणि 'सेव्ह चेंजेस' दाबायचं विसरतात. मग महिनाभर मेलची वाट बघतात. आधीची नोंद न सापडल्याने नवी आपणच केली असेल तर ही खटपट नको, मेल आपोआप येते. काही सॉफ्टवेअरं आपली नोंदवही गिटहब या संकेतस्थळावर ठेवतात; तिथे याच कामासाठी 'सबस्क्राइब' बटण असतं.

मेल आलीच नाही, तर आधी स्पॅम बघा, मग खात्यातली ई-मेलची पसंती.

मेल आली की खरी गफलत सुरू होते. 'रिझॉल्व्ड' वाचून पेढे वाटू नका. त्याचा अर्थ एवढाच, की नोंद निकालात निघाली. त्याच्या पुढचा शब्द वाचा. 'फिक्स्ड' असेल तर दुरुस्ती झाली, पण ती आपल्या संगणकावर नवी आवृत्ती टाकल्यावरच येणार. 'वर्क्सफॉरमी' म्हणजे त्यांच्याकडे दोष दिसलाच नाही. 'डुप्लिकेट' असेल तर मूळ नोंद दुसरीच आहे. इथे एक खोच आहे: मूळ नोंदीच्या सीसी यादीत तक्रारदाराचं नाव जातं, नुसते सीसीतले मागेच राहतात. तिथे जाऊन पुन्हा नाव घाला.

'मलाही हाच त्रास' एवढंच लिहू नका. ती ओळ यादीतल्या प्रत्येकाच्या मेलमध्ये जाते, हाती काही लागत नाही.

सर्वांत जपायची मेल म्हणजे 'नीडइन्फो'. कुणीतरी आपल्याला काही विचारलंय. उत्तर गेलं नाही, तर कालांतराने नोंद बंद होऊ शकते. विचारणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. त्याला 'र्या' आणि 'ऱ्या' सारखेच. म्हणून एकच शब्द असलेली फाइल, चुकीच्या प्रिंटचा फोटो, शेजारी हाताने लिहिलेला बरोबर शब्द, फॉन्टचं आणि कीबोर्डचं नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती पाठवा. कीबोर्ड कशाला? हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो; एक नीट छापला जाऊन दुसरा बिघडत असेल, तर शोधणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.