झोपेत अंगाबाहेर गेल्यासारखे वाटते तेव्हा

२०२५ साली दहावीची परीक्षा आणि रमजान एकत्र आले. परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, पहिला रोजा २ मार्चला, आणि १७ मार्चपर्यंत पेपर चालू होते. आमच्या वर्गातील मुले-मुली रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसत, चारला सहरीसाठी उठत, फज्रची नमाज पढून पुन्हा तासभर पडत आणि मग केंद्रावर जात. त्यांच्यापैकी हेदवीच्या एका मुलीचा हा अनुभव आहे. घरच्यांच्या परवानगीने, नाव न घेता, आम्ही तो येथे देत आहोत.

त्या पहाटे ती फज्रनंतर उताणी पडली होती. डोळा लागतो न लागतो तोच कानात घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी शिरताना होतो तसा, असे ती म्हणाली. हात हलेना, हाक फुटेना. छातीवर कोणीतरी बसले आहे असे वाटले. मग एकाएकी अंग हलके झाले आणि ती वर उचलली गेली, पार आढ्यापर्यंत. तिथून खाली पाहिले तर चटईवर ती स्वतःच झोपलेली! अंगावर ओढणी, उशाशी भूगोलाची वही. पुढच्या क्षणी झटका बसावा तशी ती परत अंगात आली आणि ओरडत उठली.

आठवडाभरात असे तीनदा झाले. अम्मीने शेजारच्या खालांना सांगितले, त्यांनी आणखी कोणाला. शेवटी सगळे एका आमिलाकडे जाऊन पोहोचले. त्याने सांगितले, मुलगी वयात आली आहे, जिनचे मन तिच्यावर बसले आहे, तोच तिला उचलून नेतो. तावीज, पाणी, अगरबत्ती यांचे पैसे झाले ते झालेच. वर सल्ला असा की मुलीला घराबाहेर पाठवू नका, जमेल तितक्या लवकर निकाह उरका. अब्बा जहाजावर नोकरीला. त्यांनीही फोनवर होकार दिला. निकालानंतर अम्मी दाखला मागायला शाळेत आल्या, तेव्हा आम्हाला हे सारे कळले. सत्तर टक्क्यांच्या वर गुण मिळवलेली मुलगी, आणि अकरावीचा फॉर्मच भरायचा नव्हता.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. म्हणून आधी वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, आणि मगच त्यांच्या घरी गेलो.

झोपेचे प्रकार असतात. त्यातील एका प्रकारात बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर फिरतात आणि ठळक स्वप्ने पडतात. १९५३ मध्ये युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी शिकागोत या झोपेची नोंद प्रसिद्ध केली. या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरोखरच उठून धावेल. कधी कधी मेंदू जागा होतो, पण ही पकड सुटायला काही क्षण जास्त लागतात. तोवर खोली दिसते, अंग हलत नाही आणि स्वप्नही चालूच असते. छातीचे स्नायूही सैल असल्याने खोल श्वास घेता येत नाही, म्हणून कोणी बसल्याचा भास होतो. कोकणात यालाच कोणी खवीस बसला म्हणतात. हा शब्द अरबी ‘खबीस’वरून आलेला. जपानी लोक ‘कानाशिबारी’ म्हणतात. आणि आपले हकीम त्याला ‘काबूस’ म्हणत. इब्न सीना यांनी ‘अल-कानून’मध्ये काबूसची गणना मेंदूच्या आजारांत केली आहे आणि त्यावर इलाजही दिले आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या मुस्लिम हकीमाला जे आजार म्हणून दिसले, ते आज आपल्याला जिन म्हणून दिसते!

पण वर उचलले जाणे, स्वतःला पाहणे, त्याचे काय? २००२ मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी ४३ वर्षांच्या एका अपस्माराच्या रुग्ण स्त्रीची तपासणी करत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर थोडे मागे असलेल्या भागाला त्यांनी विजेचा सौम्य प्रवाह दिला. आधी तिला आपण पलंगात खचतो आहोत असे वाटले. प्रवाह वाढवला तेव्हा ती छताजवळ तरंगत होती आणि खाली स्वतःचे पाय पाहत होती. प्रवाह बंद केला की सारे बंद. डोळ्यांना दिसते ते, कातडीला जाणवते ते आणि कानाच्या आतील तोल राखणारा भाग सांगतो ते, या तिन्हींचा मेळ या ठिकाणी बसतो आणि ‘मी इथे आहे’ ही जाणीव तयार होते. अर्धवट जागेपणी हा मेळ चुकला, तर ‘मी’ भलत्याच जागी असल्याचे वाटू शकते.

आम्ही हे सांगत असताना अम्मींनी एक बिनतोड मुद्दा काढला. “टीचर, हिने वरून माळ्यावरची निळी पेटी पाहिली. खालून ती दिसत नाही. मग हिला कशी दिसली?” आम्ही क्षणभर गप्प झालो. तेवढ्यात धाकटा भाऊ म्हणाला, “पण ती पेटी तर डिसेंबरातच मामू चिपळूणला घेऊन गेले.” कोणाच्या लक्षातच नव्हते. पेटी माळ्यावर नव्हती, मुलीच्या आठवणीत होती.

दीनचा प्रश्नही निघाला, निघायलाच हवा होता. झोपेत अल्लाह रूह आपल्याकडे घेतो हे सूरह अज-जुमरच्या ४२ व्या आयतीत आले आहे, त्यावर आमचा ईमान आहे. पण झोपलेला माणूस आढ्यापर्यंत फिरून खबर घेऊन येतो, असे त्या आयतीत नाही. आणि रूहविषयी माणसाला थोडेच ज्ञान दिले आहे, हे सूरह बनी इसराईल सांगते (१७:८५). ज्याबद्दल आपल्याला थोडेच ठाऊक आहे, त्याबद्दल आमिलाला इतके कसे ठाऊक, एवढेच आम्ही विचारले. जिनचे अस्तित्व आम्ही नाकारत नाही. प्रत्येक त्रासाचे बिल त्यांच्या नावावर फाडणे नाकारतो.

खरे कारण वेळापत्रकात होते. स्वप्नांची ही झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. सहरीला तुटलेली झोप, मग पहाटे पुन्हा पडणे, परीक्षेचा ताण, उताणे झोपणे, या साऱ्याने काबूसला वाट मिळते. २०११ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून हिशोब काढला, तर सर्वसाधारण लोकांत शंभरातील सुमारे आठ जणांना आणि विद्यार्थ्यांत तब्बल अठ्ठावीस जणांना आयुष्यात एकदा तरी झोपेत असे अंग जखडल्याचे आढळले. उजव्या कुशीवर झोपण्याची सुन्नत आपल्याला ठाऊकच आहे. हदीसला विज्ञानाचा दाखला जोडण्याची आम्हाला हौस नाही, पण उताणे न झोपण्याचा सल्ला डॉक्टरही देतात.

त्यांनी सांगितलेले आणखी थोडे: रोज ठराविक वेळी झोपावे, झोप पुरी घ्यावी. जखडल्यासारखे वाटले तर ओरडण्याची धडपड न करता पायाचा अंगठा हलवण्याचा प्रयत्न करावा. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत ते सुटते. मात्र दिवसा न आवरणारी झोप येणे, हसताना एकदम गुडघे ढिले पडणे, झटके येणे किंवा जीभ चावली जाणे, यातले काही असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. भीती मनात घर करून बसली असेल तर १४४१६ हा सरकारचा मोफत ‘टेली-मानस’ क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते. आणि जिन काढण्याच्या नावाखाली कोणी मारहाण केली, मिरचीची धुरी दिली, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. सुदैवाने या घरात तसे काही झाले नव्हते.

आमचे बोलणे पडवीत चालले होते. दादी दाराआड तसबीह घेऊन बसल्या होत्या, इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. उठायला लागलो तेव्हा त्यांनी हाक मारली. त्यांचे शौहर बोटीवर असत, दोन-दोन वर्षे येत नसत. लहान मुलांमुळे रात्रीची झोप नाही. त्या काळात रमजानमध्ये सहरीनंतर पडल्या की त्यांनाही असेच व्हायचे, एकदा तर छपराच्या वाशांना डोके लागेल अशी भीती वाटली होती. लोक काय म्हणतील म्हणून पन्नास वर्षांत त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते, शौहरनाही नाही.

“मग माझ्यावर पण कोणी नव्हता?” त्यांनी विचारले.

नात उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्या रात्री अब्बांना फोन दादींनीच केला. मुलगी आता अकरावीला आहे, दादींच्या खोलीत झोपते. पावसाळ्यात एकदा पुन्हा झाले, तिने अंगठा हलवला, कूस बदलली आणि झोपली. आम्हाला हे तिने आठवड्याने सांगितले, तेही दुसरेच काही विचारायला आली होती तेव्हा.