आम्ल पातळ करताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

1958 साली नागपुरात सुरू झालेली संस्था आज ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) म्हणून ओळखली जाते. त्यामुळे पाणीतपासणी या शहराला नवी नाही. पाण्याची अल्कलिनिटी मोजायला 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल लागते. 100 मिलि नमुन्याला ते 1 मिलि लागले, तर अल्कलिनिटी लिटरमागे 10 मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. आम्लच चुकले, तर अहवालही चुकतो.

गैरसमज: तीव्र सल्फ्युरिकच्या बाटलीवर 98 टक्के, म्हणजे 100 मिलिमध्ये 98 ग्रॅम आम्ल.
वस्तुस्थिती: ही टक्केवारी वजनाची असते. घनता 1.84 असल्याने 100 मिलिमध्ये सुमारे 180 ग्रॅम आम्ल भरते. म्हणूनच 0.1 नॉर्मलच्या 1 लिटर द्रावणाला सुमारे 2.8 मिलि पुरते. त्यातले 200 मिलि घेऊन 1 लिटर केले, की 0.02 नॉर्मल.

गैरसमज: मोलर आणि नॉर्मल एकच.
वस्तुस्थिती: हायड्रोक्लोरिकला एकच, सल्फ्युरिकचे 1 मोलर म्हणजे 2 नॉर्मल.

गैरसमज: सावकाश ओतले, तर आम्लात पाणी घातलेले चालते.
वस्तुस्थिती: मुळीच नाही. हलके पाणी वरच राहते, तिथेच उकळते आणि आम्लासकट अंगावर उडते. आधी पाणी, मग ढवळत थोडे थोडे आम्ल. गॉगल, हातमोजे हवेतच. पिपेटला रबरी बल्ब लावा, तोंडाने ओढू नका.

गैरसमज: खुणेपर्यंत भरले, की लिटर झाले.
वस्तुस्थिती: फ्लास्कवर 20 किंवा 27 अंश सेल्सिअस छापलेले असते, माप त्या तापमानाचे. 2.8 मिलि आम्लाने लिटरभर पाणी जेमतेम अंशभर तापते, पण मे महिन्यात नागपुरात डिस्टिल्ड वॉटरचा कॅनच तापलेला असतो. 42 अंशांना भरलेले लिटर 27 अंशांवर सुमारे 5 मिलिने कमी भरते. आधी निवू द्या, मग खूण गाठा.

गैरसमज: मोजमाप काटेकोर असेल, तर पडताळणी कशाला?
वस्तुस्थिती: तीव्र सल्फ्युरिक हवेतला ओलावा ओढते, हायड्रोक्लोरिकचा वायू उडून जातो; उघडलेल्या बाटलीतली तीव्रता लेबलाइतकी राहत नाही. सुकवलेल्या सोडियम कार्बोनेटशी टायट्रेशन करूनच खरी नॉर्मॅलिटी कळते. आम्ल 0.021 भरले आणि हिशेब 0.02 ने केला, तर 200 ची अल्कलिनिटी 190 दिसेल. नेमके 0.02 साधायचा अट्टहास नको. जो आकडा निघाला तो तारखेसह बाटलीवर लिहा आणि हिशेबात तोच धरा.