लिनक्स संगणकावरील एचडीएमआय ध्वनीचा अभाव : कारण व निदान
२००२ साली जाहीर झालेल्या एचडीएमआय मानकानुसार चित्र व ध्वनी एकाच केबलमधून वाहून नेले जातात. तथापि लिनक्स संगणक वर्गातील प्रोजेक्टरला जोडल्यावर काही वेळा चित्र उमटते, परंतु आवाज येत नाही. अशा वेळी दोष लिनक्सचा मानून प्रणालीच बदलणे घाईचे ठरते. लिनक्समध्ये संगणकाचा अंगभूत स्पीकर व एचडीएमआय ही स्वतंत्र ध्वनी-उपकरणे मानली जातात. ध्वनी पहिल्याकडेच जात राहिल्यास दुसरे मूक राहते.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. प्रथम प्रोजेक्टरला स्पीकर आहे का व त्याचा आवाज बंद तर नाही ना, हे पाहावे. नंतर टर्मिनलवर ‘एप्ले -एल’ (लहान एल) ही आज्ञा द्यावी. यादीत एचडीएमआय दिसल्यास ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून त्याची निवड करावी. तरीही आवाज न आल्यास ‘अल्सामिक्सर’मध्ये एफ६ कळीने साउंड कार्ड निवडावे आणि ‘एस/पीडीआयएफ’वरील ‘एमएम’ ही मूकतेची खूण ‘एम’ कळीने काढावी. यादीत एचडीएमआय नसेल, तर मात्र ड्रायव्हरचा विचार करावा.

या क्रमामुळे दोष निवडीत आहे की ड्रायव्हरमध्ये, हे स्पष्ट होते आणि सुस्थितीतील संगणक विनाकारण बाद ठरत नाही.